वैद्यकविद्येचा मार्ग आणि आपला अर्ज

दहावीनंतर पुढें काय व्हावयाचें, असें विचारलें असतां आमच्या अणदुरांतील व आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ मुलेंमुली ‘डॉक्टर’ असें उत्तर देतात. उत्तर स्तुत्य आहे; परंतु त्या उत्तरापासून महाविद्यालयाच्या दारापर्यंतची वाट फार थोड्यांस ठाऊक असते. अंगीं गुण असूनही केवळ एखादा दाखला वेळेवर न मिळाल्यामुळें मागें राहावें लागणें, यासारखें दुःख नाहीं. म्हणून ती वाट क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही वाट इतर देशांहून कशी निराळी आहे तें पाहूं. अमेरिकेंत डॉक्टर होऊं इच्छिणारा विद्यार्थी बहुधा आधीं चार वर्षांची पदवी घेतो आणि मग वैद्यकीय विद्यालयांत आणखी चार वर्षें शिकतो. दोहोंकरितां त्यास निरनिराळे अर्ज करावे लागतात. कांहीं थोड्या विद्यापीठांनीं मात्र हीं दोन्ही शिक्षणें जोडिलीं आहेत. ब्राऊन विद्यापीठाचा असा जोड अभ्यासक्रम आठ वर्षांचा आहे, तर मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेचा सहा वर्षांचा.

आपल्या देशांत हा अपवाद नसून नियमच आहे. बारावीनंतर एम्. बी. बी. एस्. ला थेट प्रवेश मिळतो. साडेचार वर्षें अध्ययन व एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयांतील उमेदवारी. पूर्वीं याहून कमी प्रतीचा लायसेन्शिएट अभ्यासक्रमही असे. १९४६ सालीं भोर समितीनें तो बंद करून सर्वत्र एकच पदवी असावी अशी शिफारस केली. एकच पदवी व एकच प्रवेश, ही सोय मोठी. परंतु जोखीमही तेवढीच मोठी. तिकडील बहुतेक तरुणांस जो निर्णय पदवीनंतर करावयाचा असतो, तो आपल्या मुलांस सतराव्या-अठराव्या वर्षींच करावा लागतो.

पहिली पायरी पात्रतेची. अकरावी-बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे विषय असावे लागतात, आणि इंग्रजींतही उत्तीर्ण व्हावें लागतें. तीन शास्त्रविषयांत मिळून खुल्या वर्गास ५० टक्के व राखीव वर्गांस ४० टक्के गुण हवेत. प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत वयाचीं १७ वर्षें पूर्ण झालेलीं असावींत.

दुसरी पायरी ‘नीट’ या अखिल भारतीय परीक्षेची. २०२५ सालीं तींत १८० प्रश्न व ७२० गुण होते. पैकीं निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकल्यास १ गुण जातो. म्हणून अंदाजपंचे उत्तरें देणें हितावह नाहीं. प्रश्नपत्रिका मराठींतही मिळते. मात्र ती भाषा अर्ज भरतांनाच निवडावी लागते.

तिसरी पायरी पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. ‘नीट’चा अर्ज हा प्रवेशाचा अर्ज नव्हे! निकालानंतर दोन स्वतंत्र अर्ज करावयाचे असतात: राज्यांच्या शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागांसाठीं दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, व उरलेल्या ८५ टक्क्यांसाठीं महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाकडे. पूर्वीं राज्यांत ७० टक्के जागा त्या त्या विभागांतील विद्यार्थ्यांस राखीव असत. मराठवाड्यांत महाविद्यालयें थोडीं असल्यामुळें आपल्या मुलांचें त्यांत नुकसान होई. २०२० सालीं तो नियम रद्द झाला. महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावतांना जें खरोखर हवें तेंच वर लिहावें; शेजाऱ्याची यादी उतरून काढूं नये. जागा गुणानुक्रमें मिळते. ती मिळवून देतों असें सांगून पैसे मागणाऱ्या मध्यस्थास दारांतही उभें करूं नये.

आतां दाखल्यांविषयीं. अधिवास, जातीचा दाखला, जात-वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला, यांपैकीं आपणांस जे लागू असतील ते अकरावींतच मिळविण्यास लागावें. जात-पडताळणीस वाडवडिलांच्या शाळेच्या वा महसुलाच्या जुन्या नोंदी लागतात. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें कित्येक दप्तरें उर्दूंत आहेत. त्यांची नक्कल व भाषांतर मिळविण्यांत दिवस जातात. निकालानंतर धांवाधांव करणारास हे दिवस कोठून मिळणार?

याखेरीज कांहीं संस्थांचा स्वभाव निराळा आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत ‘नीट’नंतर आणखी चांचणी व मुलाखत होते, आणि पदवीनंतर सैन्यांत सेवा करावी लागते. सेवाग्रामचें महात्मा गांधी आयुर्विज्ञान महाविद्यालय १९६९ सालीं निघालें. तेथील नव्या विद्यार्थ्यांस आरंभीं आश्रमांत राहून श्रम व साधेपणा शिकावा लागतो. शासकीय महाविद्यालयांतही पदवीनंतर एक वर्ष सेवेचें बंधपत्र लिहून द्यावें लागतें. सही करण्यापूर्वीं तें वाचावें, आणि दंड भरून सुटण्याचा विचार मनांत न आणतां सही करावी.

कारण या विद्येचा खरा उपयोग कोठें आहे, हें पाहण्यास अणदुरकरांस दूर जावें लागत नाहीं. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉ. शशिकांत अहंकारी यांनीं शहरांतील व्यवसायाचा मोह सोडून, सहकाऱ्यांसह, या गांवीं हॅलो मेडिकल फाउंडेशनचें काम उभें केलें. खेड्यांतील साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांस शिकवून त्यांनीं ‘भारतवैद्य’ तयार केल्या आणि प्राथमिक उपचार घराच्या उंबऱ्यापर्यंत नेले. २०२२ सालीं धाराशिव येथेंही १०० जागांचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, त्यामुळें वाट पूर्वींहून जवळ आली आहे.

अर्जावर ‘कां’ असा रकाना नसतो. मानासाठीं, धनासाठीं कीं रुग्णासाठीं, हें कोणी विचारीत नाहीं. तो रकाना, मित्रांनो, प्रत्येकानें आपल्या मनाशीं प्रामाणिकपणें भरावा. उत्तर खरें आलें, तर परीक्षेची तयारी आजच आरंभावी. आणि तें दुसऱ्याच कोणत्या विद्येकडे बोट दाखवील, तर तिकडे वळण्यांत यत्किंचितही कमीपणा नाहीं, असें आम्हांस वाटतें.