गावचा विक्रेता आणि परगावचा भाव

माझे एक स्नेही सावंतवाडीस माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलून त्यांनी मोटार घेण्याचे ठरविले आणि घरात दोन तट पडले. गावातच घ्यावी, हा पत्नीचा आग्रह. चिरंजीव मात्र म्हापशाहून भावपत्रक घेऊन आले होते, आणि दोन आकड्यांतील तफावत नोकरदाराचे मन चळावे एवढी होती.

एके काळी हा वादच संभवत नव्हता. पद्मिनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे तिष्ठणाऱ्याला विक्रेता निवडण्याची चैन कोठली? डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली; निवडीचे दिवस त्यानंतरचे.

परंतु ही तफावत येते कोठून? वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून देशभर सारखाच आहे. भिन्न असतो तो राज्याचा मोटार वाहन कर, आणि तो खरेदीच्या गावावर नव्हे, नोंदणीच्या राज्यावर ठरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४० व्या कलमानुसार, मालक जेथे राहतो व वाहन जेथे सामान्यतः ठेवले जाते त्या राज्यात नोंदणी व्हावयास हवी. म्हणजे मोटार म्हापशाहून तात्पुरत्या नोंदणीवर आणली तरी कर महाराष्ट्राचाच! चिरंजीवांनी डिचोलीच्या मावशीचा पत्ता सुचविला. मास्तरांनी तो तत्काळ नाकारला. मावशीचा पत्ता दिला असता तरी परराज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नव्याने नोंदणी करून घेणे ४७ व्या कलमान्वये भागच आहे.

कर वजा जाता उरतो तो विक्रेत्याने सोडलेला नफा आणि विम्याचा आकडा. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही. तेव्हा तो दोन्ही भावपत्रकांतून प्रथम काढून टाकावा. मास्तरांनी तसे केले, आणि उरलेली रक्कम पाहून चिरंजीव काहीसे वरमले.

गावच्या विक्रेत्याविषयी भाबडे होण्याचेही कारण नाही. तालुक्याच्या गावातील दालन पुष्कळदा कोल्हापूरच्या पेढीची शाखा असते, आणि ‘आपले’ गिऱ्हाईक हे गृहीत धरण्याचे गिऱ्हाईक, अशी तेथील समजूत. हमी कंपनीची असते, ती कोणत्याही अधिकृत कार्यशाळेत चालते. तथापि पावसाळ्यात गाडी रुसली म्हणजे रजा टाकून पन्नास किलोमीटर जावयाचे की शाळा सुटल्यावर चालत जाऊन जाब विचारावयाचा, या सोयीला किंमत आहेच. माझ्या मते दोन-चार हजारांपर्यंत ती खुशाल मोजावी, त्यापुढे नाही.

मास्तरांनी म्हापशाचे भावपत्रक गावच्या दालनात टेबलावर ठेवले. बरीच घासाघीस होऊन निम्मी तफावत भरून निघाली. विमा त्यांनी स्वतंत्रपणे उतरविला, तेव्हा विक्रेत्याने तोंड वाकडे केले. गाडीला मात्र आता सहा महिने झाले असून पहिल्या सर्व्हिसिंगला ते सायकलवरून परतले.