कोसबाडची कुरणशाळा

बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी आरंभिलेले आणि अनुताई वाघ यांच्या साहचर्याने वाढलेले ग्रामबालशिक्षणाचे कार्य १९५७ मध्ये त्याच डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथे गुरे राखण्यात दिवस घालविणारी आदिवासी मुले हजेरीपटावर येत नाहीत, हे पाहून मुलांना वा पालकांना दोष न देता शाळाच चराईच्या रानात नेण्याचा जो मार्ग या दोघींनी अनुसरला, तीच कुरणशाळा. शिक्षकाच्या कर्तव्याची याहून उदात्त कल्पना मला तरी ठाऊक नाही. महागड्या माँटेसरी साधनांची जागा शिंपले, बिया, खडे, पाने यांनी घेतली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ हीही त्यांचीच योजना. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असल्याने थोरली बहीण निर्वेधपणे वर्गात बसू शके.