हात आखडता कुठे, सैल कुठे: पूर्व आफ्रिकेतली शिखरं आणि सफारी

जानेवारी 1943 मध्ये केनियातल्या नान्युकी इथल्या ब्रिटिशांच्या युद्धकैदी छावणीतून तीन इटालियन कैदी निसटले. दुसऱ्या देशात पळून जाण्याचा त्यांचा बेत नव्हता. कुंपणाच्या तारांपलीकडे दिसणारा माउंट केनिया त्यांना चढायचा होता. फेलिचे बेनुत्झी आणि त्याच्या सोबत्यांनी कित्येक महिने चोरून तयारी केली होती. भंगारातल्या धातूपासून बुटांना लावायचे बर्फाचे काटे, हातोड्यांपासून बर्फकुऱ्हाडी, खाटांच्या विणीतल्या सुतळीपासून दोर. नकाशा नव्हता, मांसाच्या डब्याच्या वेष्टनावर डोंगराचं चित्र छापलेलं होतं, त्यावरून त्यांनी वाट ठरवली. तिसरा साथीदार आजारी पडून तळावर राहिला. उरलेल्या दोघांनी 4,985 मीटर उंचीच्या लेनाना शिखरावर इटलीचा झेंडा रोवला आणि उपाशीपोटी उतरून ते आपण होऊन छावणीत परतले. त्यांना 28 दिवसांची एकांतकोठडी सुनावली गेली, पण त्यांच्या खिलाडू धाडसाला दाद देत छावणीच्या प्रमुखाने ती 7 दिवसांवर आणली.

कमी पैशात, स्वतःच्या हिमतीवर डोंगर चढू पाहणाऱ्यांना ही कहाणी आजही भुरळ घालते. पण या मोहिमेत सर्वांत आधी संपलं ते अन्न, हेही विसरून चालत नाही. साधनं हातांनी बनवता आली, पोटाला पर्याय नव्हता. पूर्व आफ्रिकेतला ट्रेक आणि त्याला जोडून सफारी अशी सहल आखताना आजही हाच विचार आधी करावा लागतो: कोणत्या खर्चाला कात्री लावली तर काही बिघडत नाही आणि कोणत्या खर्चाला लावली तर जिवावर बेततं?

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात पहिलं नाव किलिमांजारोचं असतं. 5,895 मीटरचं उहुरू शिखर म्हणजे आफ्रिकेचा माथा. तिथे 26 जानेवारीला किंवा 15 ऑगस्टला तिरंगा फडकवल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात. ठराविक वाटांनी गेलं तर दोर लावून चढण्याची गरज पडत नाही. 1889 मध्ये हान्स मेयर आणि लुडविग पुर्ट्शेलर यांनी पहिल्यांदा गाठलेल्या या शिखरावर आज दरवर्षी हजारो माणसं जातात. पण इथे ‘आपलं आपण’ जाता येत नाही. 1991 पासून परवानाधारक वाटाड्या सक्तीचा आहे आणि चढाईची नोंदणी टांझानियातल्या अधिकृत संस्थेमार्फतच होते. तेव्हा स्वतंत्र नियोजनाचा अर्थ इथे एवढाच उरतो की मुंबई-पुण्याच्या दलालाऐवजी मोशी किंवा अरुशातल्या संस्थेशी थेट बोलायचं, वाट आणि दिवस आपण ठरवायचे आणि बाकी प्रवास स्वतः जुळवायचा.

मग पैसे जातात कुठे? अलीकडच्या दरांनुसार परदेशी पाहुण्याला उद्यानाचं संरक्षण शुल्क दिवसाला 70 डॉलर, तंबूच्या मुक्कामाचे रात्रीला 50 डॉलर आणि बचाव शुल्क 20 डॉलर, वर 18 टक्के कर. माचामे वाटेने सहा दिवस आणि पाच रात्री धरल्या तर ही सरकारी रक्कमच 800 डॉलरच्या पुढे जाते. त्यात अजून वाटाड्या, आचारी, पोर्टर, जेवण, तंबू आणि गाडी यांतलं काहीच आलेलं नाही. म्हणून कुणी अख्खा ट्रेक हजार-अकराशे डॉलरांत देऊ करत असेल, तर ती सवलत कुणाच्या तरी पोटातून निघणार हे उघड आहे. सरकारी शुल्क कमी होत नाही. कमी होते ती पोर्टरची मजुरी, त्याचं जेवण किंवा चढणाऱ्याचा एक दिवस.

पोर्टरच्या पाठीवर 20 किलोपेक्षा जास्त ओझं नसावं असा नियम आहे आणि प्रवेशद्वारापाशी वजन होतं. तरीही अपुऱ्या कपड्यांत वर गेलेले पोर्टर थंडीने दगावल्याच्या घटना या डोंगराने पाहिल्या आहेत. 2003 पासून काम करणारा ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ मजुरी, तंबू आणि दिवसाला तीन वेळचं जेवण यांवर लक्ष ठेवतो आणि नियम पाळणाऱ्या कंपन्यांची यादी जाहीर करतो. कमी बजेटच्या प्रवाशाने संस्था निवडायला याच यादीपासून सुरुवात करावी. यादीत स्वस्त कंपन्याही सापडतात. फक्त अतिस्वस्त सापडत नाहीत. चढाईच्या शेवटी सगळ्या चमूला बक्षिशी देण्याची रीत आहे आणि दर चढणाऱ्यामागे ती दोन-तीनशे डॉलरपर्यंत जाते. तो आकडा पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला नाही, तर शेवटच्या दिवशी ज्यांनी ओझं वाहिलं त्यांच्यासमोर खिसे चाचपायची वेळ येते.

दिवस वाचवणं तर त्याहून धोक्याचं. सह्याद्रीत घडलेल्या ट्रेकरचे पाय तयार असतात, दम असतो, रात्री चालायची सवय असते. पण महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक कळसूबाई 1,646 मीटरचं आहे, म्हणजे माचामे वाटेच्या प्रवेशद्वाराहूनही ठेंगणं. उंचीला शरीर सरावतं ते वेळेने, दमसासाने नव्हे. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा की 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. किलिमांजारोच्या वाटा हा सल्ला सर्रास मोडतात. मारांगू वाटेवर पहिली रात्र 2,700 मीटरवरच्या मंदारा झोपड्यांत, दुसरी 3,720 वरच्या होरोंबोत, तिसरी 4,700 वरच्या किबोत, आणि मध्यरात्री उठून थेट शिखराकडे. पाच दिवसांचा हा कार्यक्रम सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत वाईट. शिखरावर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. तिथे डोकेदुखी आणि उलट्यांपासून फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि त्यावर खरा उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणं.

होरोंबोला एक जादा दिवस थांबलं तरी चित्र बरंच बदलतं. माचामे वाटेची चढ-उतारच सोयीची आहे. तिसऱ्या दिवशी 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं आणि झोपायला 4,000 मीटरच्या खाली बरांको तळावर उतरायचं. लेमोशो वाट त्याहून लांब आणि शांत, पण दिवस वाढले की शुल्कही वाढतं. माचामेच्या सहा दिवसांचे सात केले तर सरकारी शुल्कात 140 डॉलरच्या आसपास भर पडते. अख्ख्या सहलीत याहून उपयोगी खर्च दुसरा नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घ्यावी, पण जादा दिवसाची जागा ती भरून काढत नाही.

ज्यांना खरोखर स्वतःच्या आखणीने चढायचं आहे, त्यांनी बेनुत्झीच्या डोंगराकडे वळावं. माउंट केनियाची सर्वोच्च शिखरं बातियान (5,199 मीटर) आणि नेलिऑन (5,188 मीटर) कातळारोहकांसाठी आहेत. 1899 मध्ये हॅल्फर्ड मॅकिंडर दोन आल्प्सवासी वाटाड्यांसह बातियानवर पोहोचला होता. ट्रेकरचं शिखर लेनाना. एकट्याला उद्यानात सोडत नाहीत, पण सोबती असेल आणि एखादा स्थानिक वाटाड्या घेतला, तर स्वतःचा तंबू, स्वतःचा स्टोव्ह आणि नान्युकीच्या बाजारातून भरलेला शिधा घेऊन जाता येतं. नैरोबीहून नान्युकीला मटाटू, म्हणजे तिथल्या प्रवासी मिनीबस, जातात. सिरिमॉन वाटेने 3,300 मीटरवरचं ओल्ड मोझेस, मग 4,200 वरचं शिप्टन्स आणि तिथून पहाटेच्या अंधारात लेनाना. उतरताना पूर्वेच्या चोगोरिया वाटेने यावं: खोल दरी, डोंगरमाथ्यावरची तळी आणि माणसापेक्षा उंच वाढणारी लोबेलिया-सेनेसिओ ही रोपं. इथेही ओल्ड मोझेस ते शिप्टन्स ही 900 मीटरची उडी एका दिवसाची आहे, म्हणून शिप्टन्सला एक रात्र जास्त काढावीच. किलिमांजारोहून कमी गर्दी, कमी खर्च आणि सौंदर्यात काकणभर सरस असा हा डोंगर आहे. उंचीचा आकडा सांगायचा मोह आवरला, तर पहिल्या आफ्रिकन ट्रेकसाठी तोच निवडावा.

तिसरा पर्याय ट्रेक आणि सफारी एकाच तिकिटात देतो. अरुशा शहराच्या डोक्यावर उभा असलेला 4,566 मीटरचा मेरू अरुशा राष्ट्रीय उद्यानात येतो. पहिल्या दिवशी रानम्हशी, जिराफ आणि लांब पांढऱ्या केसांची कोलोबस माकडं पाहत चालायचं असतं, म्हणून सोबत बंदूकधारी वनरक्षक सक्तीचा. मुक्काम झोपड्यांत, एकूण तीन-चार दिवस. किलिमांजारोला जाणारे अनेक जण आधी मेरू चढून उंचीला सरावतात. पैसे मोजकेच असतील, तर नुसता मेरूही पुरेसा आहे.

आता सफारी. काटकसरीला खरा वाव इथेच आहे, कारण खर्चाचा मोठा वाटा गाडीचा. चालक आणि इंधनासह लँड क्रूझर दोघांनी घेतली काय किंवा सहा जणांनी, भाडं तेच. गोरोंगोरोच्या विवरात उतरायला माणशी शुल्क वेगळं आणि गाडीचं कर धरून सुमारे 295 डॉलर वेगळं. सहा जणांत वाटलं तर प्रत्येकी पन्नासच्या आत, दोघांत जवळपास दीडशे. ताडोबात जिप्सी वाटून घेणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. मोशीत ट्रेकहून उतरलेले परदेशी प्रवासी अशाच जोडीदारांच्या शोधात असतात. शब्द टाकला की एक-दोन दिवसांत गट जमतो, मात्र तेवढे दिवस मोकळे ठेवावे लागतात.

उद्यान कोणतं, हा पुढचा निर्णय. 14,763 चौरस किलोमीटरचं सेरेंगेटी अद्भुत आहे, यात वाद नाही. पण अरुशाहून तिथे जाताना गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातून जावं लागतं आणि त्याचंही शुल्क लागतं; दोन्ही जागा मिळून तीन-चार दिवसांची सफारी ट्रेकच्या बरोबरीला येते. तारांगिरे त्या मानाने जवळ आणि स्वस्त. कोरड्या मोसमात तिथल्या नदीकाठी, गोरखचिंचेच्या अवाढव्य झाडांखाली हत्तींचे मोठाले कळप येतात. एक दिवस तारांगिरे आणि एक दिवस गोरोंगोरोचं विवर अशी जोडी कमी पैशांत भरपूर देते. केनियाच्या मासाई मारामध्ये परदेशी पाहुण्याचं शुल्क 2024 पासून जानेवारी ते जून दिवसाला 100 आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झालं आहे. विल्डेबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते याच महागड्या महिन्यांत. उलट फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीच्या गवताळ मैदानांत लाखो वासरं जन्मतात आणि त्यांच्या मागावर सिंह, चित्ते, तरस येतात. नदीचा थरार तिथे नाही, पण शिकारी प्राणी पाहायला हाच काळ उत्तम.

केनियात याहूनही कमी खर्चाचे मार्ग आहेत आणि ते दुय्यम मुळीच नाहीत. नैवाशाजवळच्या हेल्स गेट उद्यानात भाड्याच्या सायकलवरून फिरता येतं. झेब्रे आणि हरणांच्या कळपांमधून, उंच कड्यांच्या पायथ्याने पॅडल मारत जाण्याचा अनुभव छपराच्या गाडीतून मिळत नाही. नैरोबी राष्ट्रीय उद्यान 117 चौरस किलोमीटरचं, शहराला खेटून, तिथे गेंडे दिसण्याची शक्यता चांगली. 2017 मध्ये सुरू झालेली नैरोबी-मोंबासा रेल्वे त्सावोच्या जंगलातून जाते आणि नशीब असेल तर खिडकीतून लाल मातीने माखलेले हत्ती दिसतात. जुना लोहमार्ग 1896 ते 1901 दरम्यान सुमारे 32,000 भारतीय मजुरांच्या श्रमांतून उभा राहिला. त्सावोच्या नरभक्षक सिंहांनी 1898 मध्ये त्यांच्याच तळावर हल्ले केले होते. त्या काळापासून रुजलेल्या भारतीय वस्तीमुळे चपाती आणि समोसा आज केनियाच्या रोजच्या जेवणात आहेत. रस्त्याकडेच्या खानावळीत चपाती आणि घेवड्याची उसळ मिळते, त्यामुळे शाकाहाऱ्याचं पोटही स्वस्तात भरतं.

क्रम विचाराल तर डोंगर आधी, सफारी नंतर. सफारीत पोट बिघडलं, तर चढाई बुडते. चढाईनंतर मात्र दुखऱ्या पायांना गाडीची सीट सुखाची वाटते. मलेरियाचा धोकाही सखल भागातच अधिक, म्हणून त्याच्या गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरकडून आधीच घ्यावं. जाड स्लीपिंग बॅग आणि डाउन जॅकेट मोशीत भाड्याने मिळतात. बूट मात्र स्वतःचे, वापरून मऊ झालेले हवेत. विम्यावर पैसे वाचवू नयेत, आणि त्यात 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेक समाविष्ट आहे हे वाचून घ्यावं. साध्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंद आहेत, म्हणून सामान कापडी पिशव्यांत भरावं.

 छोट्या पावसानंतरचा जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा काळ मराठी ट्रेकरला सर्वांत सोयीचा, कारण मार्चअखेर मोठा पाऊस सुरू होतो आणि तो मेपर्यंत चालतो. फेब्रुवारीत निघायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच दोन-तीन संस्थांकडून दर मागवावेत आणि प्रत्येकीला लेखी विचारावं: पोर्टरला दिवसाला किती देता, तो झोपतो कुठे, जेवतो किती वेळा? ज्या संस्थेकडून सरळ उत्तर येणार नाही, तिला पैसे पाठवू नयेत. आणि केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला नसेल तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते.