एक कॅल्शियम, दोन सोडियम

चोपण जमीन ओळखायला शेतकऱ्याला प्रयोगशाळा लागत नाही. पाऊस झाला की वरचा थर चिकटतो, पाणी आत जिरत नाही, आणि उघडीप मिळाली की तोच थर इतका टणक होतो की कुळव आत जात नाही. बालाघाटच्या पठारावर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात काळ्या भारी जमिनीला वर्षानुवर्षे पाणी मिळत गेले आणि निचऱ्याची सोय झाली नाही, तर हा दोष उद्भवू शकतो. कारण असते सोडियम. काळ्या मातीच्या चिकणकणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम हे धन आयन धरलेले असतात. त्यात सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण धरली जाते. आपल्या काळ्या जमिनीत तर त्याआधीच त्रास सुरू होतो.

उपाय जिप्सम. जिप्सममधला कॅल्शियम चिकणकणावर जाऊन बसतो आणि एका कॅल्शियमच्या बदल्यात दोन सोडियम सुटतात. सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर निघून जातो, चर काढलेले असतील तर. एकाला दोन, हा हिशेब म्हणजे संयुजा. सोडियमची एक, कॅल्शियमची दोन.

आठवी-नववीच्या मराठी पुस्तकातून ही गोष्ट धाराशिवच्या प्रत्येक तालुक्यातल्या मुलांपर्यंत पोहोचते. हायड्रोजन एक, ऑक्सिजन दोन, ॲल्युमिनियम तीन, कार्बन चार. मुले ती पाढ्यांसारखी पाठ करतात आणि तिरकस गुणाकार करून रेणुसूत्रे बिनचूक लिहितात. हे आकडे कोणी, कशावरून काढले, हे मात्र त्यांना क्वचितच कळते. मला ही मोठी हानी वाटते, कारण संयुजा हा रसायनशास्त्रातला तराजूने सिद्ध झालेला शोध आहे. इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकही नव्हता तेव्हा तो लागला.

१८०८ मध्ये जॉन डाल्टनने अणुसिद्धान्त मांडला तेव्हा पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो असे त्याने धरले. दुसरे काही मानण्याचे कारण त्याच्यापुढे नव्हते. वजने तर समोर होती: एक भाग हायड्रोजनशी साधारण आठ भाग ऑक्सिजन जुळतो. डाल्टनच्या मोजणीत हा आकडा सातच्या आसपास आला, म्हणून त्याने ऑक्सिजनचा भार ७ लिहिला. आज आपण १६ लिहितो. पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन आहेत, हे कळल्याशिवाय १६ हा आकडा येत नाही.

त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे रसायनशास्त्रज्ञ सममूल्य भारांवर काम करत राहिले. आठ भाग ऑक्सिजनशी जे वजन जुळते तो त्या मूलद्रव्याचा सममूल्य भार: सोडियमचा २३, कॅल्शियमचा २०, ॲल्युमिनियमचा ९. ही जुनी मोजणी आजही जिवंत आहे. चिकणकणांवर सोडियम किती आणि कॅल्शियम किती, हे माती तपासणीत वर्षानुवर्षे सममूल्यातच लिहिले गेले आहे आणि जिप्समची मात्राही त्यावरूनच निघते. आज जो २० आणि ४० मधला फरक आपण दोनाने भागून सोडवतो, त्यातला ‘दोन’ मात्र तेव्हा कोणाच्या हाती नव्हता.

तो येऊ लागला १८५२ मध्ये. एडवर्ड फ्रँकलंड हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ धातू आणि कार्बनी गटांची संयुगे तयार करत होता. नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी यांची संयुगे शेजारी शेजारी मांडल्यावर त्याला दिसले की ही मूलद्रव्ये दुसऱ्यांचे तीन किंवा पाच अणूच सामावून घेतात, समोरचा अणू कोणताही असो. प्रत्येक मूलद्रव्याच्या जोडून घेण्याच्या ताकदीला मर्यादा आहे, हे स्पष्टपणे मांडणारा हा पहिला निबंध. पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, निजामाने वऱ्हाडासोबत हा आपला मुलूखही कराराने इंग्रजांकडे सोपवला आणि फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला कारभार पाहू लागला. १८६० मध्ये हा मुलूख परत हैदराबादकडे गेला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्लस्रूहे इथे युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले होते. अणुभार नेमके कोणते धरायचे, यावर तिथे एकमत झाले नाही. पण इटलीच्या कानिझारोची पुस्तिका वाटली गेली आणि ती घरी नेऊन वाचणाऱ्यांची मते पालटली. मधल्या काळात, १८५८ मध्ये, केकुले आणि कूपर या दोघांनी स्वतंत्रपणे कार्बनची संयुजा चार असल्याचे आणि कार्बनचे अणू एकमेकांशी साखळीने जोडले जात असल्याचे दाखवले होते.

कार्लस्रूहेच्या त्या सभेत २६ वर्षांचा दिमित्री मेंडेलीव्ह होता. १८६९ मध्ये त्याने आवर्तसारणी मांडली. त्याने मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण निम्मे काम संयुजेने केले, याचा उल्लेख क्वचित होतो. बेरिलियमचे उदाहरण घ्या. त्याचा सममूल्य भार साधारण साडेचार. अनेकांच्या मते त्याची संयुजा तीन होती, म्हणजे अणुभार चौदाच्या घरात. पण तिथे नायट्रोजन बसलेला, आणि बेरिलियमचे गुण त्या शेजारात शोभणारे नव्हते. मेंडेलीव्हने संयुजा दोन धरली. अणुभार नऊच्या आसपास आला आणि बेरिलियम लिथियम व बोरॉन यांच्यामधल्या रिकाम्या जागी बरोबर बसले. १८८४ मध्ये निल्सन आणि पेटरसन यांनी बेरिलियम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजून हा निर्णय बरोबर असल्याचे दाखवले.

इंडियमची गोष्ट तर याहून सुंदर आहे. सममूल्य भार ३८. दोनाने गुणला तर ७६, म्हणजे आर्सेनिक आणि सेलेनियम यांच्यामध्ये, जिथे जागाच नाही. तीनाने गुणला तर ११४, म्हणजे कॅडमियम आणि कथील यांच्यामध्ये, जिथे एक जागा मोकळी होती. सारणीतले घर आणि मूलद्रव्याची संयुजा एकमेकांची साक्ष देतात, हे इतक्या छोट्या गुणाकारातून दिसते. नववीच्या मुलाला हे दहा मिनिटांत करून दाखवता येते, आणि मला वाटते ते दाखवलेच पाहिजे.

पुस्तकांची सुरुवात मात्र १९१६ पासून होते. त्या वर्षी अमेरिकेत लुईसने आणि जर्मनीत कोसेलने संयुजेचा संबंध अणूच्या बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांशी जोडला. सोडियम २, ८, १. कॅल्शियम २, ८, ८, २. आठ पूर्ण करायचे, हा नियम. दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे विज्ञानही उर्दूतून शिकवले जाऊ लागले. या जिल्ह्यातले विद्यार्थी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राजवटीत होते. मराठी घरातल्या मुलालाही पुढचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली, आणि अणू, रेणू, संयुजा हे शब्द धाराशिवच्या मुलांना स्वतःच्या भाषेत मिळाले. चार पिढ्यांपूर्वी हे शक्य नव्हते, म्हणून त्याचे मोल मला फार वाटते.

आठाच्या नियमाने सोडियम, कॅल्शियम, क्लोरीन सुटतात. लोह सुटत नाही, आणि लोह तर आपल्या पायाखाली आहे. बालाघाटचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या लोहाचा बराचसा भाग दोन संयुजेचा. तो दगड हवापाण्याने झिजला की लोह आणखी एक इलेक्ट्रॉन गमावते, तीन संयुजेचे होते आणि मुरूम तांबूस दिसू लागतो. मूलद्रव्य तेच, संयुजा बदलली. नववीचे पुस्तक याला चल संयुजा म्हणते आणि फेरस-फेरिक अशी जोडी देते. उदाहरण म्हणून रस्त्याकडेची मुरमाची खाण दाखवली तर पुरे.

चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते याच फरकामुळे. मातीत लोह भरपूर असते, पण तीन संयुजेचे. अल्कधर्मी मातीत ते जवळजवळ विरघळतच नाही. सोयाबीनच्या मुळांना ते दोन संयुजेवर आणूनच आत घ्यावे लागते आणि चुनखडीत ते जमत नाही. म्हणून पानांवर हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची, साधारण अर्धा टक्क्याची फवारणी करतात आणि द्रावणात थोडे सायट्रिक आम्ल घालतात. फुटलेल्या पाकिटातले हिराकस दमट हवेत हिरव्याचे पिवळट-तपकिरी झालेले असेल, तर त्यातले लोह तीनवर गेलेले असते. ते फवारून उपयोग नाही. दुकानात घेताना रंग बघून घ्यावा.

संयुजेचा मागोवा १९१६ ला संपत नाही. १९६२ मध्ये नील बार्टलेटने झेनॉनचे संयुग तयार केले आणि शून्य संयुजेचा समजला जाणारा गट शून्याचा राहिला नाही. २०१४ मध्ये इरिडियमची ऑक्सिडीकरण स्थिती नऊपर्यंत पोहोचली. पण शाळेच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मागचा, तराजूचा भाग, आणि तो कोणत्याही शाळेत करता येतो. मोरचुदाच्या द्रावणात घासून स्वच्छ केलेले, वजन केलेले लोखंडी खिळे ठेवा. तांबे साचू द्या, ते खरवडून धुऊन वाळवा. खिळे किती घटले आणि तांबे किती मिळाले, हे शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर बघा. लोहाचा अणुभार ५६, तांब्याचा ६३.५. लोह इथे दोन संयुजेने वागत असेल तर प्रत्येक ग्रॅम लोखंडामागे १.१३ ग्रॅम तांबे मिळेल. तीनने वागत असेल तर १.७० ग्रॅम. तांब्याचे काही कण निसटतात, थोडे चुकते, पण १.१३ आणि १.७० यांत इतके अंतर आहे की उत्तर लपत नाही. मुलांनी आधी पुस्तक न बघता वजन करावे आणि दोन की तीन ते स्वतः सांगावे.