काठीवरची पाचर

पांढऱ्या काठीला जमीन चांगली कळते. खड्डा, पायरी, फूटपाथची कड, उघडं गटार, सगळं ती एक पाऊल आधी सांगते. कळत नाही ते कमरेच्या वरचं. नाशिकच्या मेन रोडला दुकानांबाहेर टांगलेलं सामान, अर्धवट ओढलेलं शटर, उभ्या टेम्पोतून मागे आलेल्या सळया. टेम्पोखालून काठी बिनबोभाट निघून जाते आणि सळई कपाळाला लागते.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या चार मुलामुलींना घेऊन आम्ही एक सत्र या सळईमागे घालवलं. कमरेच्या वरचा अडथळा ओळखून इशारा देणारी डबी काठीला बसवायची, ही कल्पना आमची नव्हे. आयआयटी दिल्लीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ‘स्मार्टकेन’ तयार झाली आणि 2014 साली बाजारात आली. मग पुन्हा का करायची? तयार वस्तू उघडून पाहिली म्हणजे ती का तशी आहे हे कळत नाही, स्वतः करताना चुकलं की कळतं. शिवाय नाशकात अशा करून शिकण्याला थोडी परंपराही आहे. एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर मूळचे इथलेच. 2015च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी त्यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ची शिबिरं झाली, तेव्हा मुलांना आधी गर्दीत पाठवलं जाई आणि मग टेबलाशी बसवलं जाई. आमच्या मुलांनी उलट केलं. ती आधी टेबलाशी बसली.

टेबलावरचा भाग खरं तर सोपा. एचसी-एसआर04 नावाचा सेन्सर दिसायला दोन डोळ्यांचा, पण काम कानाचं. एका डोळ्यातून 40 किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज बाहेर जातो, समोरच्या वस्तूवर आपटतो, दुसऱ्यात परत येतो. आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड फक्त मधला वेळ मोजतो. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका सेंटिमीटरला 29 मायक्रोसेकंद, जाऊन येऊन 58. आलेल्या आकड्याला 58ने भागलं की अंतर सेंटिमीटरमध्ये हातात. उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग थोडा वाढतो, मग दुरुस्ती करायची का, यावर मुलांनी एक आख्खी दुपार वाद घातला. नाशिकच्या जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत फरक पडतो तो मीटरमागे पाचेक सेंटिमीटरचा. सळईच्या दृष्टीने तो शून्य.

इशारा देते ती मोबाइलमध्ये असते तसली नाण्याएवढी व्हायब्रेटर मोटर. ती थेट आर्डुइनोच्या पिनला जोडायची नाही. पिनला एवढा करंट झेपत नाही. मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि मोटरला उलटा डायोड. चार मुलांपैकी एकाने हे ऐकलं नाही आणि एक आर्डुइनो नॅनो बोर्ड जळाला. असा एक बोर्ड प्रत्येक टीमच्या खर्चात धरूनच ठेवावा.

ब्रेडबोर्डवर सगळं चाललं. झिरो पीसीबीवर सोल्डर केलं, तिथेही चाललं. डबी काठीला बांधली आणि मोटर थांबेचना.

कारण साधं होतं. काठी धरली की जमिनीशी साधारण 45 अंशांचा कोन होतो. डबी काठीला सरळ बांधली तर सेन्सर काठीच्याच दिशेने, म्हणजे जमिनीकडे बघतो. त्याला सतत अडथळा दिसत होता. तो अडथळा म्हणजे रस्ता. टीममधल्या मुलीने वहीचा पुठ्ठा कापून डबीखाली पाचर लावली. पाचर मारणं म्हणजे आपल्याकडे काम अडवणं. इथे तिनेच ते मार्गी लावलं.

पण पाचर किती अंशांची? 45 अंशांची ठेवली तर सेन्सर सरळ समोर बघतो. त्याच्या नजरेचा पसारा 15 अंशांचा, म्हणजे दोन मीटरवर जेमतेम अर्धा मीटर उंचीची पट्टी. मूठ 85 सेंटिमीटरवर असेल तर त्या पट्टीत पोट येतं, डोकं नाही. म्हणून आणखी 15 अंश वर. आता दोन मीटरवर पट्टी 111पासून 168 सेंटिमीटरपर्यंत येते, छातीपासून कपाळापर्यंत. त्याखालचं बरंचसं काठीकडे, मधली एक फट मात्र राहतेच. ती बुजवायची तर दुसरा सेन्सर, आणि मग दोघांनी एकमेकांचे प्रतिध्वनी ऐकू नयेत म्हणून पाळ्या लावणं आलं. आम्ही तो मोह टाळला.

मग आम्ही पांढरी काठी वापरणाऱ्या एका काकांकडे गेलो. खरं तर पहिल्या दिवशी जायला हवं होतं. सातपूरला दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’ची महाराष्ट्र शाखा आहे, ओळखीपाळखीतूनही माणसं भेटतात; आम्हाला उशीर झाला तो आळसापायी. काका एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. मुलांनी कौतुकाने डेमो दिला. त्या वेळी इशारा कंपनाने तर होताच, शिवाय इअरफोनमधून ‘पुढे अडथळा आहे’ असा आवाजही येत होता. काकांनी दहा पावलांत इअरफोन काढून हातात दिला.

“बाळांनो, माझे कान मला परत द्या. रिक्षा कुठून येते ते मी कानांनी बघतो.”

आवाजाचा सगळा कोड त्या संध्याकाळी गेला. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, दाखवली. मोटर आम्ही मुठीच्या सपाट बाजूला बसवली होती, तर्जनी टेकते तिथे, इशारा चांगला लागावा म्हणून. काका म्हणाले, “इथे हात लाव,” आणि मुलाची तर्जनी तिथे ठेवून त्यांनी काठीचं टोक आधी फरशीवर, मग मातीवर, मग लोखंडी जाळीवर फिरवलं. तिन्हींची खरखर वेगळी, आणि ती त्याच बोटाला कळते. आमची मोटर नेमकी त्या बोटावर घोंगावत होती. म्हणजे डोकं वाचवायला निघालेलं यंत्र पायाखालची बातमी बुडवत होतं. मोटर अंगठ्याखाली नेली, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, तेव्हा कंपनं काठीभर पसरायची थांबली.

इशाऱ्याचे टप्पेही कमी झाले. मुलांनी अंतरानुसार सहा प्रकारची कंपनं बसवली होती. चालता चालता ती कोण मोजणार? उरले दोन: दोन मीटरच्या आत आलं की सावकाश ठोके, एक मीटरच्या आत सलग. एखादा प्रतिध्वनी चुकीचा येतो, म्हणून तीन मोजमापं घेऊन मधलं धरायचं. दोन मोजमापांत 60 मिलिसेकंद सोडावे लागतात, नाहीतर जुना आवाज परत येऊन गोंधळ घालतो. तिन्ही मिळून 180. सेकंदाला मीटरभर चालणारा माणूस तेवढ्यात 18 सेंटिमीटर पुढे जातो; चालण्यासारखं आहे. काही गोष्टी मात्र सेन्सरच्या स्वभावातच नाहीत. जाड शाल आवाज गिळते, तिरकी काच तो भलतीकडे फेकते. हे वापरणाऱ्याला आधीच सांगावं लागतं.

डबी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकची काढली होती. मे महिन्यात ती गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली आणि दुपारी परत आलो तर झाकण पापडासारखं वळलेलं. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे आम्ही मुलांना शिकवलेलं होतं. गाडी माझी होती. पुढची डबी पीईटीजीची. पावसाळ्यासाठी जलरोधक सेन्सर लावून पाहिला, पण त्याला वीसेक सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही. आपल्याला तेवढं जवळचं बघायचंच नाही, त्यामुळे तोच कायम ठेवला.

प्रोटोटाइप आठवडाभर काकांकडे ठेवला. परत आला तेव्हा बटणावर चिकटपट्टी होती. घरात भिंती जवळ, डबी सारखी घुरघुरते, म्हणून ते ती बंद ठेवत; पण गोल बटण चालू आहे की बंद हे बोटाला कळत नव्हतं. आता सरकवायचा स्विच आहे आणि चालू केल्यावर मोटर दोनदा थरथरते. मग काकांच्या एका मैत्रिणीने काठी मागितली. त्या उंचीने कमी आणि काठी जरा आडवी धरतात. सेन्सर थेट आभाळाकडे बघायला लागला. सध्या टीम पाचरीऐवजी खाचा असलेली बिजागरी बनवते आहे, बोटाने मोजून लावता येईल अशी. पहिल्या दोन फिरवताना सैल पडल्या.