‘तसेच’च्या जागी काय?

मागच्या आठवड्यात निबंधाचा कच्चा खर्डा कसा करायचा ते पाहिले. आता तो खर्डा समोर आहे, तो पक्का करायचा आहे. मुले इथे अक्षर नीट काढतात, शुद्धलेखन तपासतात आणि वही मिटतात. खरे काम त्याआधीचे असते.

मालगुंडच्या दहावीतल्या एका मुलीने ‘माझे गाव’ या विषयावरचा निबंध मला दाखवला. तिच्या परवानगीने त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा देतो.

“माझे गाव मालगुंड हे रत्नागिरी जिल्ह्यातील एक अतिशय सुंदर व निसर्गरम्य असे गाव आहे. गावाला निळाशार समुद्रकिनारा लाभलेला आहे. तसेच आमच्या गावात नारळी-पोफळीच्या बागा आहेत. तसेच आमच्या गावात थोर कवी केशवसुत यांचा जन्म झाला आहे. त्यांचे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आलेले आहे. तसेच माझी आजी रोज दुधाचा रतीब घालायला त्या घरासमोरून जाते. तसेच तिने केशवसुतांची एकही कविता वाचलेली नाही. परंतु तिला त्या घराचा खूप अभिमान वाटतो.”

व्याकरणाची ठळक चूक यात एकही नाही. तरीही आजी येईपर्यंत आपण डुलक्या घेत असतो, आणि आजी आली की जागे होतो. मी तिला परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. तिसऱ्या ‘तसेच’ला ती स्वतःच थांबली.

‘तसेच’ हा शब्द वाईट नाही. पण तो फक्त एकावर एक रचत जातो, दोन वाक्यांचे एकमेकांशी नाते काय ते सांगत नाही. नाते सांगायला मराठीत उभयान्वयी अव्यये आहेत. शाळेत आपण त्यांचे प्रकार पाठ करतो : समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. परीक्षा संपली की ती यादी विसरतो. मला तर वाटते, लिहिणाऱ्याच्या इतक्या कामाची यादी व्याकरणात दुसरी नाही. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा १९११ सालचा जाडजूड ग्रंथ लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचे धाकटे भाऊ. एका भावाने मराठी कवितेला नवे वळण दिले, दुसऱ्याने मराठी वाक्याची बारीक तपासणी केली. मालगुंडच्या मुलांनी दोघांचीही आठवण ठेवावी.

नात्याचा प्रयोग करून पाहा. दोन वाक्ये घ्या : भरती आली होती. आम्ही किनाऱ्यावर गेलो. मध्ये ‘म्हणून’ घाला, म्हणजे तुम्ही भरती बघायला गेलात. ‘तरी’ घाला, म्हणजे घरच्यांनी नको म्हटले असणार. ‘आम्ही किनाऱ्यावर गेलो, तेव्हा भरती आली होती’ असे उलटवा, म्हणजे तिथे गेल्यावरच ते कळले. घटना त्याच राहिल्या, गोष्टी मात्र तीन झाल्या. यातली आपली कोणती, हे ठरवल्याशिवाय शब्द निवडता येत नाही. जोडशब्द अडला की बहुधा विचारच अडलेला असतो.

शिवाय मराठीत सांधा दर वेळी वेगळ्या शब्दाने जोडावा लागत नाही. एखादा ‘ही’, एखादा ‘च’ किंवा ‘मात्र’ पुरतो. याच निबंधात पुढे दोन वाक्ये होती : “केशवसुतांचे वडील शिक्षक होते. त्यांनी पुढे शिक्षकी पेशा स्वीकारला.” कोणी स्वीकारला? वडिलांनी की केशवसुतांनी? आदरार्थी अनेकवचनामुळे आपल्या भाषेत हा घोटाळा सतत होतो, कारण ‘त्यांनी’ एकालाही चालते आणि दहांनाही. अशा वेळी नाव पुन्हा घ्यायला लाजू नये. “वडील शिक्षक होते, पुढे केशवसुतांनीही शिक्षकाचेच काम केले.” ‘ही’ने मागचे वाक्य पुढच्याला बांधले आणि नावाने गोंधळ मिटवला. मग भडगाव, फैजपूर, धारवाड ही त्यांच्या नोकरीची गावे आपोआप ओळीत येतात.

आता काटछाट. शब्दमर्यादा ओलांडली की मुले आधी तपशील कापतात आणि विशेषणे ठेवतात. व्हायला हवे याच्या अगदी उलट. मी तिला म्हटले, पहिल्या वाक्यातले ‘मालगुंड’ खोडून तिथे ‘गणपतीपुळे’ लिही. लिहिले, आणि काहीच बिघडले नाही. सुंदर, निसर्गरम्य, निळाशार, नारळी-पोफळी हे सगळे किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला चालते. जे शेजारच्या गावालाही लागू पडते, ते आपल्या गावाबद्दल काही सांगत नाही. तिने पहिली तीन वाक्ये काढली. समुद्र जाताना तिला वाईट वाटले, ते तोंडावर दिसले.

मग क्रियापदे. ‘जतन करण्यात आलेले आहे’ ही सरकारी पत्रातली भाषा. ‘आले आहे’च्या आड करणारा लपतो. इथे करणारे सांगता येतात : कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने हे स्मारक उभे केले, ते १९९४ साली खुले झाले. निबंधात एवढे सगळे नको असेल, तर ‘घराचे आता स्मारक झाले आहे’ एवढे पुरे. ‘जन्म झाला आहे’ हेही खटकते. जी गोष्ट १८६६ साली होऊन गेली, ती नुसती ‘झाली’.

पण काटछाटीची झिंग चढू देऊ नये. ‘रोज’ हा शब्द ती खोडायला निघाली होती, मी हात धरला. आजी एकदा त्या घरासमोरून गेली यात सांगण्यासारखे काय आहे? ‘जाता जाता’, ‘हळूहळू’ असे दुहेरी शब्दही फालतू नसतात. ते काढले तर वाक्य आखूड होते आणि मराठीपणाही जातो.

उरले शेवटचे वाक्य : ‘खूप अभिमान वाटतो’. मी विचारले, “अभिमान वाटतो म्हणजे आजी काय करते?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कोणी स्मारक कुठे विचारलं, तर ती नुसतं सांगत नाही. किटली खाली ठेवते नि दारापर्यंत सोडायला जाते.”

हे तिने लिहिलेच नव्हते, कारण तिच्या लेखी ते निबंधात लिहिण्यासारखे नव्हते. ‘परंतु’ही बदलला. कविता वाचलेली नसणे आणि अभिमान असणे यांत नुसता विरोध नाही, एकाला न जुमानता दुसरे आहे. तिथे ‘तरीही’ हवा.

“कवी केशवसुतांचा जन्म १८६६ साली आमच्या गावात झाला. त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. माझी आजी दुधाचा रतीब घालायला रोज त्या घरासमोरून जाते. तिने केशवसुतांची एकही कविता वाचलेली नाही. तरीही कोणी स्मारकाची वाट विचारली, की ती किटली खाली ठेवते आणि पाहुण्याला दारापर्यंत पोचवून येते.”

शेवटचे वाक्य आणि जन्माचे साल सोडले तर यात नवे काहीच नाही. बाकी सगळे पहिल्या खर्ड्यात होते.

वही परत देताना मी विचारले, अजून काही राहिले का? तिने पेन उघडले आणि खाली स्वतःहून एक ओळ घातली : “पावसाळ्यात समुद्राची गाज एवढी असते, की पाहुण्याशी बोलताना आजीला आवाज चढवावा लागतो.”