परदेशात फोनचं बिल का फुगतं? आणि भारतातलं सिम काढून ठेवणं का अंगलट येतं?

एकेकाळी बोरिवलीतला माणूस लग्नाला पुण्याला गेला, तरी त्याचा फोन रोमिंगवर जायचा. दूरसंचार खात्याच्या नकाशावर मुंबई हे वेगळं सर्कल आहे. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणपर्यंतचा पट्टा त्यात येतो. पुणे, नाशिक मात्र महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. म्हणजे मुलुंडहून ठाण्याला गेलं तर काही फरक नाही, पण घाट चढला की आलेला फोन उचलायचेही पैसे. पुढे ट्रायने हे दर कमी करत आणले आणि २०१७च्या सुमारास कंपन्यांनी देशातलं रोमिंग फुकटच करून टाकलं.

त्यामुळे झालं असं की, रोमिंग नावाची भानगड असते हेच लोक विसरले. आता अंधेरीच्या सहार विमानतळावरून कुणी ग्रुप टूरने दुबई-सिंगापूरला जातं, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला. बॅगेत थालीपिठाच्या भाजणीपासून गोळ्यांच्या पाकिटांपर्यंत सगळं मोजून भरलेलं असतं. फोनचा विचार मात्र विमान उतरल्यावर होतो.

तर आधी हे पैसे कशाचे लागतात ते बघू.

तुम्ही दुबईत उतरता तेव्हा तुमच्या फोनला भारतातल्या कंपनीचा टॉवर मिळत नाही. तो तिथल्या कंपनीच्या नेटवर्कला चिकटतो. ती कंपनी तुम्हाला ओळखत नाही. ती तुमच्या भारतातल्या कंपनीला बिल लावते आणि ती कंपनी त्यात आपला वाटा घालून तुमच्याकडून वसूल करते. या दोघींमधला घाऊक दर त्यांच्या आपसातल्या करारावर ठरतो. ट्रायचा धाक भारतातल्या कंपनीला, दुबईतल्या कंपनीला नाही. युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांमधलं रोमिंग घरच्या दरात आणलं, कारण तिथे नियम करणारी यंत्रणा एकच होती. पण ती सवलत युरोपातल्या सिमला आहे. मुलुंडहून नेलेल्या सिमला नाही.

गंमत म्हणजे, रोमिंगवर असताना तुमचं इंटरनेट बहुतेक वेळा भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेतून फिरून येतं. म्हणूनच संयुक्त अरब अमिरातीत स्थानिक सिमवर व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही (तिथे अशा कॉलवर बंधनं आहेत, मेसेज मात्र जातात), पण भारतीय सिमच्या रोमिंगवर अनेकदा लागतो.

पॅक न घेता डेटा सुरू राहिला तर काय होतं? समजा, दर मेगाबाइटला ५०० रुपये आहे. आजच्या फोनवर काढलेला एक फोटो सहज तीन-चार मेगाबाइटचा असतो. विमानातून काढलेला ढगांचा एकच फोटो फोनने आपोआप क्लाउडवर चढवला, की दीड-दोन हजार गेले. तुम्ही कुणाला फोन केलेला नाही, व्हिडिओ बघितलेला नाही. खिशात पडलेला फोन फोटो चढवतोय, अॅप अपडेट करतोय, व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक ग्रुपवरची सुप्रभातची चित्रं उतरवून घेतोय. प्रीपेडवाल्याचं निदान बॅलन्स संपतं. पोस्टपेडवाल्याला हे घरी आल्यावर कळतं.

आणि येणारा फोन? भारतात तो २००३ पासून फुकट आहे. परदेशात रोमिंगवर तो उचलण्याचेही पैसे लागतात, पॅकमध्ये असेल तर मिनिटं कापली जातात. घाटकोपरहून इस्त्रीवाल्याने "साहेब, कपडे आणू का?" विचारायला केलेला फोनही त्यात आला. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवणाऱ्या पिढीला हे पटकन समजतं, त्यांच्या मुलांना समजवावं लागतं.

म्हणून अनेकजण उपाय करतात तो असा: भारतातलं सिम काढायचं, पाकिटात ठेवायचं, तिथलं सिम घालायचं. पैसे वाचतात, पण इथेच खरी चूक होते.

कारण फोन आता दोन वेगळी कामं करतो. एक, इंटरनेट देतो. दोन, तुम्ही तुम्हीच आहात हे बँकेला पटवतो. पहिलं काम कुठलंही सिम करेल. दुसरं काम फक्त तुमचा भारतातला नंबर करू शकतो. बोरिवलीतल्या घराचं मेंटेनन्स भरायचंय, मुदत ठेव मोडायचीय, कार्ड ब्लॉक करायचंय, तर ओटीपी त्याच नंबरवर येणार. यूपीआय अॅपही सिमशी बांधलेलं असतं. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी तर दूरसंचार विभागाने व्हॉट्सअॅपसारख्या मेसेजिंग अॅपनाही नोंदणीच्या सिमशी सतत जोडलेलं राहण्याचे निर्देश दिले. त्यामुळे भारतातलं सिम फोनमध्येच असलेलं बरं.

फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर मांडणी सोपी आहे. भारतातलं सिम जागेवर ठेवा, त्याचं डेटा रोमिंग बंद करा. इंटरनेट तिथल्या सिमवरून घ्या. व्हॉट्सअॅप नंबर बदलायचा का असं विचारेल, जुनाच नंबर ठेवा. येणाऱ्या एसएमएसला भारतीय कंपन्या रोमिंगवर सहसा पैसे लावत नाहीत, पण त्यासाठी सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग ही सेवा सुरू असावी लागते. डेटा रोमिंग हे फोनमधलं बटण, रोमिंग सेवा ही कंपनीकडची गोष्ट. या दोन्हींत गल्लत होते. निघण्याआधी कस्टमर केअरला एकच प्रश्न नेमका विचारा: "पॅक घेतला नाही तर त्या देशात मला ओटीपी येईल का?" उत्तर कंपनीप्रमाणे आणि प्लॅनप्रमाणे बदलतं.

चार-पाच दिवसांची टूर असेल तर एवढा खटाटोप करू नये. कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा आणि मोकळं व्हावं. फक्त त्यात तुमचा देश आहे का, आणि दिवस कोणत्या देशाच्या घड्याळाने मोजतात, हे बघावं. क्रूझवर जाणाऱ्यांनी आणखी जपावं. जहाजांवर आणि काही विमानांतही उपग्रहावर चालणारं स्वतंत्र नेटवर्क असतं, ते साध्या पॅकमध्ये बसेलच असं नाही. तिथे फ्लाइट मोड.

मुक्काम लांबचा असेल तर स्थानिक सिम किंवा ई-सिम स्वस्त पडतं. अमेरिकेत मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये आई-बाबांची एक लाइन वाढवणं बऱ्याचदा सगळ्यांत सोपं. ई-सिमचं म्हणाल तर, एअरालो आणि होलाफ्लाय ही प्रसिद्ध अॅप जानेवारी २०२४ मध्ये भारतातल्या अॅप स्टोअरमधून काढली गेली. विनापरवाना परदेशी सिम विकलं जातंय आणि त्याचा सायबर फसवणुकीत वापर होतोय, असा सरकारचा आक्षेप होता. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि घेणाऱ्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. कुणी टेलिग्रामवर 'स्वस्त ग्लोबल ई-सिम' देत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

अमेरिकेतून मुलाने पाठवलेला आयफोन वापरत असाल तर आणखी एक अडचण. तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या फोनमध्ये सिमची खाचच नाही. भारतातलं सिम आधी ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागतं. सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे हे काम विमानाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

राहता राहिला सहा महिन्यांचा प्रश्न. प्रीपेड नंबर रिचार्ज आणि वापराविना पडून राहिला तर कंपनी तो बंद करून काही काळाने दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज त्या दुसऱ्याच्या फोनवर वाजू शकतात. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये असे वर्षभराच्या आसपासचे पॅक आले ते दोन हजार रुपयांच्या आत होते. ते रिचार्ज विमानतळावर जायच्या आधी मारायचं, कारण परदेशातून करायला गेलात तर पैसे भरण्यासाठी ओटीपी लागेल आणि तो त्याच बंद पडत आलेल्या नंबरवर येईल.